लिहून न घेतलेलं वाक्य

माझे सासरे एकतीस वर्षं सभागृहात बसले आणि तिथे एक अक्षर बोलले नाहीत.

निवडून आलेले नव्हते ते. लघुलेखक होते. सभागृहाच्या मधोमध एक लांबट टेबल असतं, त्याच्यावर वाकून, जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. दहा मिनिटांची पाळी. दहा मिनिटं झाली की दुसरा लघुलेखक पाय न वाजवता शेजारी येऊन बसायचा, अर्ध्या वाक्यातून धागा उचलायचा, आणि बाबा उठून आतल्या खोलीत आपली दहा मिनिटं टाइप करायला जायचे. त्यामुळे एकतीस वर्षांत त्यांनी एकही भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

"तो नदीवरचा पूल," ते मला एकदा म्हणाले, "त्याचं आश्वासन मी स्वतःच्या हाताने अकरा वेळा लिहिलंय. पण होणार की नाही, हे नेहमी पुढच्याच्या पाळीत यायचं."

निवृत्त झाल्यापासून ते टीव्हीवर सभागृहाचं कामकाज बघतात. अख्खं. भाषणं संपतात कशी हे त्यांना बघायचं असतं. मांडीवर वही, हातात पेन्सिल. आई म्हणजे माझ्या सासूबाई म्हणतात, "अहो, आता कुणी मागतंय का तुमच्याकडे?" तर बाबा वर न बघता म्हणतात, "हात चालू राहिला पाहिजे." बोलण्यापुरती पेन्सिल थांबते. बोलणं झालं की परत सुरू. दोन्ही एकदम त्यांना कधीच जमलं नाही.

घरातही ते कमीच बोलायचे. आई सांगतात, लग्नानंतरची पहिली चार वर्षं त्यांना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. "मग कळलं, हा माणूस ऐकतोय. म्हटलं, चला, निदान एक तरी ऐकणारा मिळाला."

पण राजकारणावर बाबांकडे मतं होती, एकतीस वर्षं तुंबलेली. चढ्या आवाजाचा माणूस लिहायला सोपा, कारण तो एकच गोष्ट तीनदा सांगतो. जो हळू बोलतो त्याच्याकडे लक्ष ठेवावं, कायदे तोच बदलून जातो. सभागृहात सगळ्यात जास्त भांडणारे दोघे मधल्या सुट्टीत एका डब्यातून जेवतात आणि त्यांच्यासाठी बाहेर भांडणारे मात्र एकमेकांच्या घरी जायचे बंद होतात. हे शेवटचं ते फार कळकळीने सांगायचे. म्हणून पुढे जे झालं त्याचं मला जास्तच वाईट वाटलं.

ही सगळी मतं ऐकायला त्यांना एक हक्काचा माणूस होता. खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका. चौतीस वर्षं शहराची बस चालवलेले, बहुतेक सगळी नऊ नंबरच्या मार्गावर. बायको गेल्याला पाच वर्षं झाली, एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात नर्स आहे. काका अजूनही बोलताना समोर बघतात, ज्याच्याशी बोलतात त्याच्याकडे नाही. जिन्यात दोन माणसं बोलत उभी असली की मागून आवाज येतो, "पुढे सरका, पुढे रिकामं आहे!"

दोन घरांत पेपर एकच यायचा. सकाळी आठला बाबा तो घेऊन खाली जायचे आणि काकांना वाचून दाखवायचे. मोठ्याने, सावकाश, मध्ये मध्ये आपलं मत घालून. मी या घरात आले तेव्हा मला हे गमतीचं वाटलं होतं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "आवाजाचा व्यायाम. एकतीस वर्षं वापरलाच नाही." आणि काका म्हणाले, "मी जन्मभर लोकांना नेऊन सोडलं. आता बातम्यांनी माझ्याकडे चालत यावं." दोन्ही उत्तरं मला पटली होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. बाबा वाचायचे, "अर्थमंत्री म्हणाले की परिस्थिती नियंत्रणात आहे." काका म्हणायचे, "म्हणजे ब्रेक गेले." मी ढमीला केळं भरवता भरवता एकटीच हसायची.

ढमी माझी दहा महिन्यांची मुलगी. तिचं खरं नाव मोठं आणि छान आहे, पण तिच्याकडे बघून ते कुणाला आठवत नाही. काका तिला "सूनबाई, तुमचं सामान" म्हणतात.

तर तो रविवार. रविवार असूनही सभागृहाची खास बैठक होती, कारण सरकार टिकतं की पडतं यावर मतदान होतं. सरकारचा नवा प्रमुख एके काळी बस डेपोत मेकॅनिक होता. काकांना तो जीव की प्राण. बाबांनी शेवटच्या काही वर्षांत त्याची भाषणं लिहून घेतली होती आणि त्यांना तो अजिबात पसंत नव्हता. हा वाद दोघांमध्ये रोजचा होता, चहाइतका. त्या दिवशी काका मुद्दाम वर आले, सोबत दोन दिवसांसाठी आलेली लेक, जिला मी ताई म्हणते. काका टीव्हीच्या अगदी पुढ्यात, नाक लावून बसले. ताई संत्री सोलत होती. आई चहा गाळत होत्या. मी खाली सतरंजीवर, कारण ढमी स्टुलाला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत आज काहीतरी वेगळंच होतं. मी मोबाइल काढून तिचा व्हिडिओ घ्यायला लागले.

"बघ कसा बोलतोय! हातात कागद नाही!" काका म्हणाले.

"कागद असता तर एखादं वाक्य पूर्ण झालं असतं," बाबा म्हणाले.

"तुला वाक्य पाहिजे. मला काम पाहिजे. भर चौकात माझ्या गाडीखाली झोपून गिअरबॉक्स बसवलाय त्याने. तुझ्या जुन्या साहेबांनी काय बसवलं? डोळ्यांवर चष्मा?"

"निदान खोटं तरी शुद्ध बोलायचे."

"ऐकलंस?" काका लेकीला म्हणाले. "याला खोटं चालतं, फक्त नीट बोललं पाहिजे!"

इथपर्यंत सगळे हसत होते. मग काय झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी चोर म्हटलं, आवाज वाढले, आणि खोलीतलेही आवाज त्यांच्याबरोबर वाढले. काका म्हणाले, "तू गप बस पेन्सिलराव. जन्मभर दुसऱ्यांचं उष्टं लिहिलंस. तुझं स्वतःचं मत होतं का कधी? भाड्याची पेन्सिल तू!"

बाबांनी ते लिहून घेतलं. मी पाहिलं. सवयीने हात चालला. मग पेन्सिल थांबली आणि बाबा बोलले. ओरडले नाहीत. अगदी स्वच्छ, एकेक शब्द सुटा.

"ज्याला समोरचा थांबा दिसेना म्हणून स्टिअरिंगवरून उतरवून फाटकावर बसवलं, त्याने देश कुठे चाललाय ते मला सांगू नये."

ताईच्या हातातलं संत्रं थांबलं.

"पपा? फाटकावर? कधी?"

काका उठले. दाराच्या कडीवर हात टाकला, तो आधी कडीच्या शेजारी पडला, मग कडीवर. "चल," ते लेकीला म्हणाले, समोर बघत.

त्याच क्षणी ढमीने स्टूल सोडलं. दोन्ही हात वर करून, स्वतःच्या पायांवर, मोजून सात सेकंद ती उभी राहिली. कुणाचंच लक्ष नव्हतं. मला मात्र तेव्हा कळलं की रोज सकाळी पेपर का वाचला जायचा.

नंतरचं ताईकडूनच कळलं. निवृत्तीच्या आधीचं दीड वर्ष काका बस चालवतच नव्हते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले म्हणून डेपोच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायचे. त्यांनी हे एकाच माणसाला सांगितलं होतं. घरी लेकीला फोनवर ते रोज नऊ नंबरच्या गमती सांगायचे. आता ती हादरली होती. "पाच वर्षं हे इथे एकटे राहतायत, गॅस पेटवतायत, रस्ता ओलांडतायत!" तिने ठरवून टाकलं, घर सोडायचं आणि पपांना कायमचं आपल्याकडे न्यायचं. पुढच्या रविवारी. काकांनी नाही म्हटलं नाही. ज्या माणसाने जन्मात कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, तो गप्प बसून खोकी भरू देत होता.

सोमवारी आठ वाजता बाबा पेपर घेऊन दारापर्यंत गेले आणि परत आले. मंगळवारीही. बुधवारी त्यांनी पेपर आईंना वाचून दाखवायला घेतला. तिसऱ्या ओळीला आई म्हणाल्या, "अहो, मला वाचता येतं."

मी न राहवून म्हटलं, "बाबा, एकदा खाली जाऊन या ना."

"मी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी कशाला? बोलला तो."

"तुम्हीपण बोललात की."

"काय बोललो?" त्यांनी वही पुढे केली. शेजारी टाइप केलेला कागद होता, तारीख, वेळ, सगळं नीट. "हे बघ. शब्दन् शब्द आहे. 'दुसऱ्यांचं उष्टं.' 'भाड्याची पेन्सिल.' यात माझं एक तरी वाक्य आहे? मी फार तर म्हटलं असेन, असं बोलू नकोस म्हणून."

मी कागद पाहिला. टीव्हीवरचं भाषण होतं, काकांचा प्रत्येक शब्द होता, कंसात "हशा" होता, "गोंधळ" होता. बाबांचं काहीही नव्हतं. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या नोकरीत मोठमोठी माणसं तणतणत यायची, "मी असं म्हणालोच नाही!" आणि बाबा वही दाखवायचे, की माणूस गप्प. वही कधीच चुकली नव्हती. वहीत नाही ते बोललं गेलेलं नाही. फक्त बोलताना स्वतःचा हात थांबतो, हे त्यांच्या कधी ध्यानात यायची वेळच आली नव्हती, कारण कामावर ते कधी बोललेच नव्हते.

मी आईंकडे पाहिलं. त्या भाजी चिरत होत्या. "माझ्याकडे बघू नकोस. त्या वहीशी मी चाळीस वर्षांत एकदाही जिंकलेले नाही."

माझ्याकडे वहीपेक्षा पक्कं काहीतरी होतं, आणि ते मी लपवलं होतं. ढमीच्या सात सेकंदांचा व्हिडिओ. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो, त्याला तो त्याच संध्याकाळी पाठवायचा होता. मी त्याच्या प्रतीतला आवाज काढून टाकला आणि मग पाठवला. "आवाज का नाही?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "टीव्ही चालू होता." ढमी मांडीवर झोपली की मी तो पुन्हा पुन्हा बघायची, आवाज बंद करून. ती हात वर करते, तोंड उघडते, पडते. किती गोड. तिच्या डोक्यावर कुणीतरी कुणाचातरी जीव काढतंय, हे त्यात नाहीच.

शुक्रवारी बाबांनी तो कागद घडी न घालता एका पाकिटात ठेवला आणि माझ्याकडे दिला. "सभागृहाची पद्धत आहे. ज्याचं भाषण त्याच्याकडे कागद पाठवायचा. भाषा सुधारायची असेल तर सुधारावी, अर्थ बदलता येत नाही. मग सही. त्याला दे. वाचू दे काय बोललाय ते."

"ते वाचणार कसे, बाबा?"

"तू वाचून दाखव," ते म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.

ढमीला कडेवर घेऊन मी खाली गेले. खोलीत खोकीच खोकी. टीव्हीसुद्धा एका खोक्यात गेला होता. भिंतीवर फक्त बसचा एक मोठा आरसा उरला होता, डेपोतल्या लोकांनी निरोपाच्या दिवशी दिलेला. काका त्याच्या खाली खुर्चीत बसले होते.

"या, या. सामानासकट?"

"काका, बाबांनी कागद पाठवलाय."

"वाच."

मी वाचलं. माझ्याच तोंडून ते शब्द फार वाईट लागत होते. ढमी कागद ओढायला बघत होती. काका समोर बघत ऐकत राहिले. "भाड्याची पेन्सिल" आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"एवढंच?" मी संपवल्यावर ते म्हणाले.

"एवढंच."

"बरोबर आहे. सगळं मी बोललोय. असं बोलायला नको होतं." मला वाटलं, आता विचारतील, त्याचं कुठाय? नाही विचारलं. "कुठे करायची सही?"

"काका, राहू दे ना..."

"कुठे, ते दाखव पोरी."

मी त्यांचं बोट धरून कागदाच्या तळाशी ठेवलं. त्यांनी सही केली. ती उतरत उतरत कागदाबाहेर टेबलावर गेली.

"सांग त्याला, उतारूंची काही तक्रार नाही."

जिना चढताना ढमी माझ्या कानात आनंदाने ओरडत होती. बाबा दारातच उभे. पाकीट घेतलं, सही पाहिली. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. नाही वाटलं.

"दुरुस्ती काहीच नाही?"

"नाही."

"एकही नाही?" ते खुर्चीत बसले. "असं होत नाही. एकतीस वर्षांत कागद असा परत आला नाही कधी. माणूस काहीतरी खोडतोच. काही नाही तर स्वल्पविराम तरी." त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "काय म्हणाला?"

"म्हणाले, असं बोलायला नको होतं."

मी ढमीला बाबांच्या मांडीवर ठेवलं, कारण मला मोबाइल काढायचा होता.

"बाबा, ढमी पहिल्यांदा उभी राहिली त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात."

"दहा वेळा पाहिला."

"ऐकला नाहीत."

मी आवाज पूर्ण केला.

व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. ढमी स्टुलावर थापट्या मारतेय. काकांचा गिअरबॉक्स, ताईचं हसू, टीव्हीवरचा गोंधळ. "भाड्याची पेन्सिल तू!" आणि मग बाबांचा आवाज, इतका जवळ, जसा काही तेच ढमीला काहीतरी सांगतायत. समोरचा थांबा. स्टिअरिंग. फाटक. शेवटी ताईचं "पपा?" आणि ढमी उभी.

बाबांचा चेहरा मी पाहिला नाही. मुद्दामच. मांडीवरच्या ढमीने पडद्यातल्या ढमीला पाहून टाळ्या वाजवल्या.

"परत लाव," ते म्हणाले.

मी लावला. ऐकून झाल्यावर त्यांनी ढमीला माझ्याकडे दिलं, वही घेतली, पेन्सिलीला टोक केलं. "परत."

तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःला लिहून घेतलं. इतकी वर्षं त्या हाताने शेकडो माणसं लिहिली, पण हा माणूस त्याला नवा होता. दोनदा अडले. एका जागी म्हणाले, "फार स्पष्ट बोलतो." मग टाइप करायला बसले. नेहमी वर बोलणाऱ्याचं पद लिहायचं असतं. तिथे त्यांची बोटं बराच वेळ थांबली. आई स्वयंपाकघरातून येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. शेवटी बाबांनी लिहिलं: लघुलेखक.

शनिवारी सकाळी आठ वाजता ते सहा दिवसांचे पेपर आणि तो कागद घेऊन निघाले. दारात थांबून मला म्हणाले, "तू चल. हिलाही घे. रिकाम्या हाताने गेलं तर तो दार लावून घेईल."

दार ताईने उघडलं. काका त्याच खुर्चीत.

"कोण?"

"मी," बाबा म्हणाले. "कागदात एक वाक्य राहून गेलं होतं. ते घेऊन आलोय."

आणि उभ्या उभ्या वाचलं. काकांचं वाक्य, मग स्वतःचं, त्याच आवाजात, जसा रोज पेपर वाचायचे. ताई हातात फडकं घेऊन खोक्यांमध्ये उभी राहिली. संपल्यावर ढमीने एका खोक्यावर हात आपटला.

"हे आधी लिहिलं नव्हतंस?" काका म्हणाले.

"नव्हतं."

"का?"

"बोलत होतो."

काकांनी मान हलवली, समोर बघत. "राहून गेलं म्हणे. मग एकतीस वर्षांचं पेन्शन परत घेणार का आता तुझं?"

"घ्यायला हवं."

"काढून टाक ते वाक्य. माझंही काढ, पेन्सिलीचं. दोन्ही काढ आणि विषय संपव."

"नाही काढायचं," बाबा म्हणाले. "काढलं की महिन्याभराने मी पुन्हा म्हणेन, मी बोललोच नाही. ओळखतो मी आता स्वतःला." ते खाली बसले, खोक्यावरच. "तू मला विश्वासाने सांगितलं होतंस. मी ते चारचौघांत तुझ्या तोंडावर मारलं. चुकलो. हे पण खाली लिहिणार आहे."

"अरे लिहितोस काय लेका सगळं! नुसतं बोल ना!"

"बोललो की आत्ता."

"परत बोल. एकतीस वर्षं मुका होतास, ऐकायला बरं वाटतं."

"चुकलो."

"हां." काकांनी हात पुढे केला. तो आधी हवेत गेला, मग बाबांनी तो पकडून आपल्या गुडघ्यावर ठेवला. "आता वाच. आठवडा झाला, जग कुठे गेलंय मला ठाऊक नाही. या पोरीने टीव्हीसुद्धा पहिल्याच दिवशी पॅक केला. मेकॅनिक टिकला का?"

"टिकला. चार मतांनी."

"बघ!" काका खुर्चीत उसळले. "बघ म्हटलं होतं!"

"चार मतं म्हणजे टिकणं नाही, टेकणं आहे."

"पपा," ताई मध्येच म्हणाली. नर्स होती ती, कामाचं सोडणार नव्हती. "डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही, पण उपचार घेतले तर आहे ती टिकेल. तीन महिने तरी माझ्याकडे यावंच लागेल."

"टिकेल की टेकेल?" काका म्हणाले. मग हळू, "येतो. तीन महिने येतो. पण घर सोडत नाही. तो आरसा भिंतीवरच राहू दे."

"आणि परत आल्यावर इथे एकटे?"

"एकटा कुठे? वर हा आहे. त्याला सगळं दिसतं, स्वतःला सोडून."

"आता तेही दिसायला लागलंय," बाबा म्हणाले.

ताईने फडक्याने डोळे पुसले आणि टीव्हीचं खोकं उघडायला घेतलं.

त्या दुपारी ढमी झोपल्यावर मी नवऱ्याला व्हिडिओ पुन्हा पाठवला. आवाजासकट. त्याचा फोन आला तो बऱ्याच वेळाने. "बाबा असं बोलले?" तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि ही तेव्हाच उभी राहिली?" मी म्हटलं, हो, तेव्हाच.

काका लेकीकडे गेल्याला आता पाच आठवडे झाले. रोज आठ वाजता बाबा खिडकीत खुर्ची ओढतात, फोन लावतात, तो खिडकीच्या कठड्यावर ठेवतात आणि पेपर उघडतात. काकांच्या कानाला काही झालेलं नाही, हे त्यांना आम्ही दहादा सांगितलं, तरी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं वाचतात. ढमी त्यांच्या पायांना धरून उभी असते. आज पहिल्या पानावर नदीवरच्या पुलाची बातमी होती. पुन्हा भूमिपूजन.

"बारावं," बाबा म्हणाले.

"या वेळी होणार," फोनमधून काका म्हणाले. "माझा माणूस आहे तो."

"तुझा माणूस! त्याला 'पूल' आणि 'बांधणार' यांच्यामध्ये काय बोलायचं ते..."

"पुढे सरक! पुढची बातमी!"

"ऐकून तर घे!"

दोघे एकदम बोलत राहिले. पेन्सिल आत टेबलावर पडली होती, आणि ढमी हात वर करून तिकडे निघाली होती.